नागपूरजवळ काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं म्हणजे जुनी वेधशाळा होती का?

नाही, ती मुळात दफनाची ठिकाणं आहेत, लोहयुगातली. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांची माहिती छापली. पुढे 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्यानं तिथली काही वर्तुळं खोदली. मोठे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये माती-मुरुमाचा उंचवटा, आणि आत काळी-तांबडी भांडी नि लोखंडी वस्तू. जवळच्याच माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोड्याचा लोखंडी लगाम आणि तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. मेलेल्याबरोबर घोड्याचा साज पुरणारी ही माणसं होती, मला तरी हे ताऱ्यांपेक्षा जास्त नवलाचं वाटतं!

वेधशाळेची गोष्ट आली ती काही दगडांवर कोरलेल्या खळग्यांवरून. छोट्या वाटीएवढे, ओळीनं पाडलेले. ते सूर्य-ताऱ्यांच्या दिशेशी जुळतात का, हे काही खगोल-अभ्यासकांनी तपासलंय, त्यामुळे ती शक्यता अगदीच उडवून लावू नका. पण तो अजून अंदाजच आहे. पाहायला जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी जा. उन्हं तिरपी असली की खळगे उठून दिसतात, भर दुपारी दगडावर काहीच कळत नाही (आणि मे महिन्यात तर डोकंही तापतं).