वाट जुनी होऊ दे

प्रिय बाळ,

तुझी धावायच्या जागांची यादी मिळाली. दोनदा वाचली. गुहागर, तारकर्ली, भाट्ये, चिखलदरा, पेंच, महेश्वर, भेडाघाट... एकूण 21 जागा. प्रत्येकीपुढे अंतर, राहायची सोय, कुठल्या महिन्यात जायचं ते. आणि सगळ्यात खाली, "काका, यातलं आधी काय करू? मला काहीच सुचेनासं झालंय."

त्याच्या आदल्या मंगळवारी मी तुला फुटाळा तलावाच्या काठावर बसलेली पाहिलं होतं. बूट नवे कोरे, तळव्याला धूळसुद्धा नाही, मान मोबाइलमध्ये. मी सेमिनरी हिल्सचा चढ चढून, फेरा मारून परत आलो तरी तू तिथंच. तेव्हा बोललो नाही. आता बोलतो, आणि थोडं रागावून बोललो तर वाईट वाटून घेऊ नको, कारण निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

धावणं चांगलं असतं, तब्येत सुधारते, मन मोकळं होतं वगैरे मी तुला सांगणार नाही. तुला ते ठाऊक आहे, म्हणून तर यादी केलीस. मला एकच सांगायचंय. वाट जुनी होऊ दे. एक वाट धर, तिच्यावर उन्हाळा काढ, पावसाळा काढ, हिवाळा काढ. मग दुसरीकडे बघ.

माझीही अशीच यादी होती, वहीत, निळ्या शाईत. त्यात पहिला नंबर समुद्राचा. आम्ही विदर्भातली माणसं, समुद्र म्हटला की आम्हाला कसंतरीच होतं. आणि नशीब बघ, बँकेनं मला तीन वर्षांसाठी रत्नागिरीला पाठवलं. भाट्याचा किनारा माझ्या खोलीपासून सायकलनं पंधरा मिनिटं. पूल ओलांडला की सुरूचं बन, आणि बनापलीकडे वाळू. (तुझ्या यादीत भाट्यापुढे 'सूर्योदय' लिहिलंय. बाप्पा, पश्चिम किनारा आहे तो! सूर्य तुझ्या पाठीमागून, डोंगरावरून येणार.)

पहिल्याच आठवड्यात उजाडता उजाडता गेलो, अनवाणी. समुद्र पार वरपर्यंत चढलेला. खालची घट्ट ओली वाळू सगळी पाण्याखाली, मला उरली ती वरची कोरडी, भुसभुशीत पट्टी. तिच्यावर मी सहा किलोमीटर धावलो, कारण मी नागपूरहून आलो होतो आणि मला ते धावायचंच होतं. मऊ वाळूत टाच बोटांपेक्षा खाली रुतते आणि पोटरीची शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते. किनारा समुद्राकडे कलता असतो. दक्षिणेकडे धावताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सतत खाली पडतो. चौथ्या दिवशी उजव्या टाचेवरची शीर अशी धरली की जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागे.

घरमालकीणकाकूंनी तेल गरम करून दिलं आणि विचारलं, "गेलात कधी? त्या दिवशी अष्टमी होती की." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं ते गणित सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, आणि हे साहेब सहालाच हजर! पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर दोन-तीन दिवस सकाळी सहा-सातला ओहोटी मिळते. तेव्हा वाळू रुंद, सपाट, डांबरासारखी घट्ट. धावायचं ते तेव्हा, आणि जितकं जाशील तितकंच परत यायचं, म्हणजे दोन्ही पायांवर उताराचा भार सारखा वाटला जातो.

हे गणित मला काकूंनी दिलं पहिल्या महिन्यात. मी वापरलं किती? तीन वर्षांत अकरा वेळा गेलो असेन भाट्याला. पाय बरा झाला, पण मन रुसलं. समुद्र काय, कुठे पळून जातोय, म्हणायचो. बदलीची ऑर्डर आली त्या संध्याकाळी पुलावर उभा राहिलो आणि लक्षात आलं की आज कुठली तिथी आहे हेही मला माहीत नाही. समुद्राशेजारी तीन वर्षं राहून मला फक्त त्याचा फोटो ओळखता येत होता. ही माझी गोष्ट आहे आणि ती मला अजून खुपते, म्हणून तुझ्या 21 जागा वाचताना मला तुझं कौतुक वाटण्याआधी धास्ती वाटली.

परत आलो तो ठरवूनच. रविनगरहून फुटाळा, फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डनवरून खाली. बास. एवढीच वाट. लोक विचारतात कंटाळा नाही येत? अरे, कशाचा कंटाळा? मे महिन्यात साडेपाचला उजाडतं, जानेवारीत सात वाजायला येतात. म्हणजे घड्याळात तीच वेळ ठेवली तर अर्धं वर्ष तू अंधारात पळणार आणि अर्धं वर्ष उन्हात. फेब्रुवारीत सागाची पानं गळतात आणि पावलाखाली पापडासारखी वाजतात. एप्रिल-मेमध्ये सिव्हिल लाइन्सचा बहावा पिवळा होतो. जुलैत तोच चढ शेवाळतो; वळणावर डावीकडून उतरलीस तर घसरशील. मी दोनदा घसरलोय. तिसऱ्यांदा घसरलो नाही, त्याचं कारण माझं कौशल्य नव्हे. वाट जुनी झाली होती.

आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात डोकं लढवू नको. उकाड्याची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस निम्मं अंतर, निम्मा वेग, शेजारच्याशी बोलता येईल इतकाच दम. घरी येऊन पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, चहावाल्यानं एकदा चेहऱ्यावर पाणी मारून उठवलं आणि म्हणाला, "काका, जीव द्यायचा असंल तं फुटाळा इथंच आहे, एवढं कायले पळता?"

आता जंगल. पेंचमध्ये धावायचं लिहिलंस. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरताच येत नाही, गाडीतून खाली उतरायचीही मुभा नसते. उरतात बाहेरच्या गावांचे रस्ते. तिथंही मार्च-एप्रिलमध्ये पहाटे लोक वाकून मोहाची फुलं वेचत असतात आणि वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या दरवर्षी त्याच दिवसांत येतात. ज्या गावातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेनं जातात त्या सुद्धा चौघीजणींनी, बोलत बोलत जातात. आणि तू कानात गाणी घालून, एकटी, पहिल्यांदाच? जवळचं गोरेवाडा बघ. तिथंही बिबटे आहेत, हे विसरू नको. पण वनखात्याच्या वेळा पाळून, सोबतीनं, पुन्हा पुन्हा गेलीस तर वर्षभरात कुठल्या झाडावर वानरं असतात आणि ती कधी ओरडतात एवढं तरी कळेल. जंगलात तेवढं कळणं पुरे असतं. चिखलदऱ्याला जरूर जा, पण नंतर. साधारण 1,100 मीटरवर आहे ते, आपल्या साडेतीनपट उंच, आणि रस्ते सगळे चढउताराचे. तिथं जाऊन पहिल्या दिवशी हुशारी करणाऱ्यांचे गुडघे मी पाहिलेत.

महेश्वरच्या घाटाबद्दल काय बोलू? घाटावर धावत नाहीत, पोरी. तिथं माणसं अंघोळ करतात, दिवे सोडतात.

नदीच हवी असेल तर तुझ्या गावाला नाव देणारी नदी आधी बघ. नाक मुरडशील. मुरड. नाग लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून येते, अंबाझरीच्या धरणात अडते, तिथून शहराची सगळी घाण घेत पूर्वेला निघते, पुढे पिवळी तिला मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, मग प्राणहिता, गोदावरी. म्हणजे तू ज्या बांधावर बूट घासणार आहेस तिथलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. झाला की नाही समुद्र? (हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यंदाही कोकणात जाणं नाही.") 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिली आणि नागकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेलो तर भिंतींवर माझ्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. रोज ज्या नाल्याकडे नाक दाबून पाहायचो तो नदी आहे हे मला त्या रेघेनं शिकवलं. एकदाच येऊन जाणाऱ्याला ते कसं कळेल?

आता तू म्हणशील, काका स्वतः कुठे गेले नाहीत म्हणून दुसऱ्याला अडवतात. माझा मुलगाही हेच म्हणतो: "बाबा, तुम्हाला नव्या जागेची भीती वाटते." 2009 मध्ये मला पुण्याची बढती आली होती. नाकारली. घरी सांगितलं, आईची तब्येत. ते खोटं नव्हतं. पण आई नसती तरी मी गेलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा नुकती त्या चढाशी माझी ओळख होत होती. पगारात फरक पडला, बायकोनं तो काही वर्षं ऐकवला, तिचंही चुकलं नाही. तरी मी म्हणतो की बरोबर केलं. बघ, एवढ्या वर्षांनंतरही मी तुला पत्रात ते पटवून देतोय, यावरून काय समजायचं ते समज.

एक गोष्ट मात्र माझ्या वहीत कधीच नव्हती आणि तुझ्या यादीतही नाही. पहाटे पाचला रस्त्यावर किती बाया असतात? मला कधी मोजावं लागलं नाही. तुला लागेल. पण त्यावरही माझं तेच म्हणणं. जुन्या वाटेवर झाडूवाल्या मावशी तुला ओळखतात, दूधवाला ओळखतो, चहावाला विचारतो, "आज उशीर झाला?" गुहागरला कोण विचारणार? एक दिवस तू आली नाहीस तर कुणाच्या लक्षात यावं, अशी वाट धर. आणि त्या वाटेवरही उजाडल्याशिवाय निघू नको. मी निघतो म्हणून तू निघू नको.

यादी फाडू नको. माझी वही अजून कपाटात आहे. गुहागरला जाशील तेव्हा पंचांग सोबत ने.

सोमवारी पावणेसहाला मी फुटाळ्यावर, जिथं तू बसली होतीस तिथं असेन. रविवारी नको, त्या दिवशी गर्दी असते आणि सगळे फोटो काढत असतात. मोबाइल घरी ठेव. माझा उजवा पाय अजून चढावर कुरकुरतो, तेव्हा पहिला अर्धा किलोमीटर चालतच जाऊ. पाच मिनिटं वाट बघेन, मग निघेन. आणि मंगळवारी पुन्हा तिथंच.

तुझा,
काका