एतिहादने हात आखडता का घेतला होता?

तुम्ही लिहिलंत की एतिहाद या अबू धाबी सरकारच्या विमान कंपनीकडून तुम्हाला विमान देखभालीच्या कामाची ऑफर आलीय आणि घरचे म्हणताहेत, "त्या कंपनीनं मध्यंतरी किती माणसं कमी केली, तिथं कशाला जातोस?" त्यांची काळजी रास्त आहे. मी अबू धाबीतच राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात तोटा कुठून आला ते बघा. 2003 साली सुरू झालेल्या एतिहादला दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीच्या पंक्तीत बसायचं होतं. दुबई इथून गाडीनं जेमतेम दीड तासावर, आणि युरोप-आशियामधले कनेक्टिंग प्रवासी तेच. ते स्वतःच्या विमानांवर लवकर मिळेनात, तेव्हा एतिहादचे त्या वेळचे प्रमुख जेम्स होगन यांनी दुसऱ्यांच्या कंपन्यांत हिस्से घ्यायचा सपाटा लावला. अलिटालियात 49 टक्के, आपल्या जेट एअरवेजमध्ये 24 टक्के, शिवाय एअर बर्लिन, एअर सर्बिया. यातल्या काही तर आधीच डबघाईला आलेल्या. त्यांचे प्रवासी अबू धाबीमार्गे यायचे, पण त्यांना तगवण्यासाठी पैसाही इथूनच जायचा. 2016 मध्ये एतिहादचा तोटा 1.87 अब्ज डॉलरवर गेला. पुढच्याच वर्षी अलिटालिया आणि एअर बर्लिन, दोन्ही दिवाळखोरीत.

त्यात 2014 पासून तेलाचे भाव कोसळलेले. इंधन स्वस्त झालं म्हणून आखाती कंपनीचा फायदाच होतो असं नाही. तेल कंपन्यांच्या खर्चानं बिझनेस क्लासनं फिरणारे कमी होतात आणि मालक असलेलं सरकारही खर्चाकडे बारकाईनं बघू लागतं.

मग कात्री लागली. सॅन फ्रान्सिस्को, डॅलस, पर्थ हे रूट बंद झाले. 2019 मध्ये 42 एअरबस ए350 ची ऑर्डर रद्द झाली, 25 बोइंग 777एक्सपैकी फक्त 6 घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी 17 एप्रिलला जेटचं शेवटचं विमान उडालं. मुंबईत त्या लोकांचे थकलेले पगार तुम्ही जवळून पाहिले असतील. एतिहाद मात्र टिकली, कारण पाठीशी अबू धाबी सरकार होतं. आता ती नफ्यात आहे आणि 2020 मध्ये उभी करून ठेवलेली ए380 विमानंही 2023 पासून पुन्हा उडताहेत. कंपनी अचानक बुडेल ही भीती म्हणूनच मला वाटत नाही. पण ती टिकावी म्हणून पुन्हा माणसं कमी होऊ शकतात, आणि इथं नोकरी गेली की नोकरीवरचा व्हिसाही जातो. मला खरी चिंता त्याचीच वाटते.

तेव्हा ऑफर लेटरमध्ये एकूण पगाराआधी बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, बघा. इथल्या कामगार कायद्यानुसार ग्रॅच्युइटी बेसिकवरच निघते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, नंतर 30 दिवसांचा. भत्ते फुगवून बेसिक लहान ठेवलं असेल तर सही करण्याआधीच बोला. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घेतात, त्यामुळे पहिल्या वर्षी लहान घर घ्या आणि मुलांना शाळेचं वर्ष पुरं झाल्यावरच आणा. आणि काहीही झालं तरी डीजीसीए, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामकाच्या, लायसन्सची मुदत संपू देऊ नका, नूतनीकरण वेळेवर करत राहा.