कोलॅजेन वाढवणारे उपचार : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझे वय ५३ असून दोन वर्षांपूर्वी पाळी थांबली. तेव्हापासून गालांची त्वचा पातळ आणि सैल झाल्यासारखी वाटते. एका दवाखान्यात मला लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोनीडलिंग असे सहा बैठकांचे एकत्रित पॅकेज सुचवण्यात आले असून सोबत कोलॅजेनची पावडरही घ्यायला सांगितली आहे. माझा वर्ण सावळा आहे आणि साधी पुटकुळी बरी झाली तरी तिचा काळा डाग महिनोन्महिने जात नाही. यातले नेमके काय घ्यावे?

उत्तर : पुटकुळीच्या डागाविषयी आपण जे लिहिले आहे, ते पॅकेज सुचवणाऱ्याने आधी विचारायला हवे होते. ते का, हे पुढे येईलच.

आपल्याला जे जाणवते आहे तो भास नाही. त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग कोलॅजेनचा, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाचा, असतो आणि प्रौढ वयात ते दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते. परंतु रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधार सुटल्यामुळे पहिल्या पाच वर्षांतच सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होऊ शकते. पुढे हा वेग मंदावतो. (केवळ त्वचेसाठी म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करू नयेत, तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर, इतर लक्षणे आणि धोके पाहूनच घ्यायचा असतो.)

आता उपचारांकडे वळू. मायक्रोनीडलिंगच्या बारीक सुया, लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींची उष्णता) यांची यंत्रे वेगळी दिसली तरी तत्त्व एकच आहे : त्वचेला मोजूनमापून इजा करायची, म्हणजे ती भरून काढण्यासाठी फायब्रोब्लास्ट पेशी नवे कोलॅजेन तयार करतात. त्यामुळे आपली त्वचा इजा झाल्यावर कशी वागते, हाच निवडीचा पहिला निकष ठरतो, आणि वयाचा आकडा त्यानंतर येतो. आपली त्वचा इजेला काळ्या डागाने उत्तर देते, हे आपल्याला पुटकुळीने आधीच सांगितले आहे. त्वचेचा वरचा थर जाळणारे कार्बन डायऑक्साइड लेझर अशा त्वचेवर काळजी न घेता वापरले, तर सुरकुती थोडी कमी होईल आणि त्या जागी वर्षभर टिकणारा डाग येईल. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसल्याने हा धोका बराच कमी असतो, म्हणून आपल्यासाठी मी तो पर्याय आधी धरेन. मात्र जखमेच्या जागी कीलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, येण्याची प्रवृत्ती असेल, किंवा चेहऱ्यावर त्या वेळी मुरूम अथवा नागीण असेल, तर तोही करू नये.

रेडिओफ्रिक्वेन्सीची ऊर्जा त्वचेतील रंगद्रव्य शोषून घेत नाही, म्हणून ती सावळ्या वर्णासाठी निर्धोक असल्याचे सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. काही यंत्रांत ही उष्णता सुयांमधून खोलवर दिली जाते आणि ती चुकली, तर भाजणे, व्रण राहणे आणि त्वचेखालची चरबी वितळून गाल खोलगट होणे, असे प्रकार होतात. गाल आधीच पातळ झालेल्या व्यक्तीने याचा अधिक विचार करावा.

तिन्ही उपचार एकदम करण्याचे कारण मला दिसत नाही. नवे कोलॅजेन तयार होऊन त्याची घडी बसायला तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी परिणाम जोखताच येत नाही, आणि एकत्र केलेल्या उपचारांपैकी कशाने फायदा झाला आणि कशाने डाग आला, हेही कळत नाही. एक उपचार निवडावा, कानाजवळच्या छोट्या भागावर आधी करून पाहावा आणि दोन बैठकांमध्ये किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत. यंत्र प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि आपल्यासारख्या वर्णावर त्या व्यक्तीने किती वेळा काम केले आहे, हे निःसंकोच विचारावे. उत्तर गोलमोल मिळाले, तर तोच नकार देण्याचा संकेत समजावा.

खरे तर सुईच्याही आधी ट्रेटिनॉइनचा विचार व्हावा. हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील मलम नव्या कोलॅजेनला चालना देते आणि असलेल्याची झीज रोखते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडून सोलवटते, त्यामुळे आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावावे. फरक दिसायला किमान चार-सहा महिने लागतात. दिवसा सनस्क्रीन हवेच, आणि सावळ्या वर्णासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाची झाक असणारे घ्यावे, कारण डाग गडद करणारा दृश्य प्रकाश साध्या सनस्क्रीनला फारसा अडत नाही.

पावडरीचा खर्च मी टाळेन. पोटात गेलेले कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणेच पचते आणि त्याचे तुकडे गालांकडेच जातील असे काही नसते. त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यांपैकी अनेकांना उत्पादकांनीच पैसा पुरवलेला आहे. कोलॅजेनच्या क्रीमविषयी तर हिशेब सरळ आहे : त्वचेतून साधारण ५०० डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) पर्यंतचेच रेणू आत जाऊ शकतात आणि कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो.

प्रश्न : माझे वय ६९. जबड्याखालची त्वचा लोंबू लागली आहे. मेहुण्यांनी अल्ट्रासाउंडने त्वचा घट्ट करण्याचा उपचार घेतला, तसा मलाही घ्यायचा आहे. मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो आणि हातांवर जरा धक्का लागला तरी जांभळे डाग उठतात.

उत्तर : गोळी या उपचारासाठी स्वतःहून कदापि बंद करू नये. हातांवरचे डाग केवळ गोळीमुळे उठत नाहीत. अनेक वर्षांच्या उन्हाने कोलॅजेन विरले, की बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही आणि त्या सहज फुटतात. म्हणून हातांनाही सनस्क्रीन लावावे.

अल्ट्रासाउंडची उष्णता त्वचेखाली काही मिलिमीटरवर केंद्रित केली जाते. परिणाम होतो, पण तो माफक असतो, आणि त्वचा थोडीशीच सैल असेल तिथे अधिक दिसतो. उतारवयात फायब्रोब्लास्ट पेशींचा प्रतिसादही मंद झालेला असतो. शिवाय लोंबणे हा एकट्या त्वचेचा प्रश्न नसून चरबी खाली सरकणे आणि जबड्याचे हाड झिजणे यांचाही त्यात वाटा असतो. आपले मेहुणे वयाने किती लहान आहेत आणि त्यांची त्वचा किती सैल होती, हे विचारून पाहावे. लोंबणे ठळक असेल, तर नजरेत भरणारा फरक शस्त्रक्रियेनेच पडतो, आणि ती करायची की नाही हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्यावरच ठरवावे.

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. ‘आतापासूनच कोलॅजेन साठवून ठेव’ असे सांगून मला मायक्रोनीडलिंग सुचवले जात आहे. येत्या वर्षात बाळाचा विचार आहे.

उत्तर : कोलॅजेन ही मुदत ठेव नाही. ते सतत तयार होते आणि सतत मोडते. आज केलेली भर वीस वर्षांनी काढता येत नाही. या वयात मोडतोड थांबवण्याला जास्त महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी वयस्क झालेली आढळली. तंबाखू कोणत्याही रूपात असेल, तर ती सोडावी. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातील) असलेले काही लावत असाल, तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी ते थांबवावे आणि घरातील क्रीमच्या वेष्टनांवरची घटकांची यादी त्यासाठी एकदा तपासून पाहावी, कारण ‘नाइट क्रीम’ एवढेच नाव असलेल्या डबीतही रेटिनॉल असू शकते.