तंबोरे जुळताना हजर असा

(मैफलीला जाणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : गाणं मोबाइलवर पुष्कळ ऐकते, पण समोर बसून कधी ऐकलं नाही. राग ओळखता येत नाहीत, दाद कुठे द्यायची तेही कळत नाही. जाणकारांमध्ये अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. ताई, मी गेले तर चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : चालेल काय, तुम्ही जायलाच हवं. मी चौथीत असताना पहिल्यांदा गेले तेव्हा मला सारेगमपण नीट येत नव्हतं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाची संगीतसभा होती. वडील रेल्वेत होते, ते मला खांद्यावर बसवून घेऊन गेले. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मृतीसाठीच इथे वर्षानुवर्षं गाणं होतं. वाटेत वडिलांनी मला खाँसाहेबांच्या शेवटाची गोष्ट सांगितली. १९३७ सालच्या ऑक्टोबरात ते दक्षिणेत प्रवासात होते. गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावला, प्रार्थना केली आणि तिथेच गेले. वडील रेल्वेचे, त्यामुळे फलाट म्हटला की त्यांचा आवाज बदलायचा. पुढे गाणं सुरू झालं आणि मी त्यांच्या मांडीवर झोपले. कधीतरी जाग आली ती एका लांब धरलेल्या षड्जानं, म्हणजे ‘सा’नं. कोण गात होतं, काय गात होतं, आजही सांगता येणार नाही. तो सूर मात्र पाठीतून आत गेल्यासारखा वाटला होता, ते लख्ख आठवतं.

तेव्हा राग ओळखायच्या मागे लागू नका. एक करा : अर्धा तास आधी जा आणि गाणाऱ्याच्या मागे सतत सूर धरणारे तंबोरे जुळताना बघा. मिरजेत हे बघायला मैफलीचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसलं की झालं. तार घोडीवर जिथे टेकते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. दोरा जागेवर नसला तर तार नुसती टण्ण वाजते. कारागीर नखानं तो केसभर पुढे करतो, पुन्हा छेडतो, पुन्हा केसभर मागे घेतो. मग एका क्षणी तार फुलते, म्हणजे एकाच तारेतून बारीक बारीक सूर झिरपायला लागतात. हीच जवारी. खुंटी पिळून होतं ते जाडं काम, खालचे मणी सरकवून बारीक. पंचम (‘प’), जोडीच्या दोन तारा (‘सा’च्या) आणि शेवटचा खर्ज (खालचा ‘सा’) अशा चारी तारा मिळाल्या की खोलीतली हवाच बदलते. ती बदललेली कळली ना, की तुमचं अर्धं काम झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरी मी गोड केलं होतं.

आता दादेचं. विलंबित एकतालात मात्रा बाराच असतात, पण लय इतकी संथ असते की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं, कधी मिनिटभराचंही होतं. मात्रा मोजायला गेलात तर गाणं हातातून निसटेल. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तेवढा मनात धरा. गायक कितीही लांब गेला तरी त्या तुकड्यावर परततो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. दोन-चार आवर्तनांत तुमची मान आपोआप हलेल. हीच दाद. ‘वाहवा’ तोंडातून आली तर येऊ द्या, नाही आली तरी गाणाऱ्याला तुमचा चेहरा दिसतो. छोट्या बैठकीत तर फारच दिसतो. म्हणूनच पहिल्यांदा मोठ्या मंडपात जाण्याऐवजी कुणाच्या दिवाणखान्यातल्या किंवा देवळातल्या बैठकीला जा.

प्रश्न : रात्रभर चालणाऱ्या मैफलींबद्दल जुनी माणसं एवढी हळहळतात. वेळेत संपलेली मैफल चांगली नव्हे का? सकाळी कामावर जायचं असतं.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. तरी ही हळहळ का, ते सांगते. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, पहिल्या पुण्यतिथीपासून पुण्यात महोत्सव सुरू केला. आम्ही चार मैत्रिणी मिरजेहून रेल्वेनं जायचो. सोबत घोंगडी, दशम्या आणि चहाचा थर्मास. रमणबागेच्या मंडपात डिसेंबरची थंडी वाजायची. मध्यरात्रीनंतर पेंगणारे पेंगायचे, उरलेले जवळजवळ सरकून बसायचे, आणि मग जे गाणं व्हायचं त्याला घड्याळ नसायचं. शेवटी पंडितजी बसायचे. मैफल संपवणाऱ्या भैरवीच्या वेळी मंडपाच्या कडेनं उजाडत असायचं आणि आमच्या पायांना मुंग्या आलेल्या असायच्या.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर बंदी आली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते. त्यातून झालेलं नुकसान मला असं दिसतं : आपल्या संगीतात रागांना वेळा आहेत. मालकंस, दरबारी हे मुळात उत्तररात्रीकडे झुकणारे राग. ते आता साडेआठला गावे लागतात, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना. गाणारा जीव ओतून गातो, तरी ती वेळ मिळत नाही. शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बिनमाइकच्या घरगुती बैठका वाढाव्यात. वीस-पंचवीस माणसं, दारं लावलेली, दोन तंबोरे. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत अशी बैठक झाली. एका तरुण गायिकेनं साडेअकराला मालकंस धरला. तिच्या आवाजाची श्वासासकट खरखर ऐकू येत होती. मी त्या रात्री घरी येऊन बराच वेळ दिवा न लावता बसले होते.

प्रश्न : कार्यक्रमात आवाज इतका मोठा ठेवतात की कान दुखतात. सांगायला गेलं तर संयोजक रागावतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा माझाही सल आहे. एका सभागृहात तबल्याचा माइक एवढा चढवला होता की गाणाऱ्या बाईंचं मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, पूर्ण बुडालं. त्यांनी तीनदा बोटानं खाली खूण केली, पण ध्वनियंत्रापाशी बसलेल्या मुलाचं लक्ष मोबाइलमध्ये. शेवटी मीच उठून गेले. त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ‘बाळा, तंबोरा ऐकू येतो का तुला?’ तो म्हणाला, ‘नाही.’ ‘मग येईल इतका तबला खाली घे.’ त्यानं घेतला. खाली घेतल्याबरोबर बाईंनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. मध्यंतरात तो मुलगा मला विचारत आला की तंबोरा मुळात का लागतो. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

संयोजकांशी वाद घालू नका. थेट त्या मुलाशी गोड बोला आणि तंबोऱ्याची खूण द्या. बसायला स्पीकरच्या पेटीसमोरची जागा टाळा.

प्रश्न : फुकट कार्यक्रमाला पैसे द्यावेत का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : द्यावेत. वर्गणीची पेटी असते, नसली तर विचारा. कलाकाराचं मानधन, तबलजी, हार्मोनियमवाले, सतरंज्या हे सगळं कुणीतरी खिशातून करत असतं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातीला घेऊन जाऊ का? ती चुळबुळ करते.
– एक आजी, तासगाव

उत्तर : न्या. मी शाळेतली मुलं मिरजेच्या अंबाबाईच्या नवरात्रातल्या गाण्याला न्यायची. एकदम तीन तास बसवू नका. पहिला राग होईपर्यंतच बसा. सतरंजीच्या कडेला जागा घ्या, म्हणजे उठताना कुणाला त्रास नको. तबलजींचे हात दिसतील असं तिला बसवा, मुलं आधी हात बघतात. पोटभर जेवून आणू नका, झोपतील. आणि झोपलीच तर झोपू द्या, उठवू नका.