स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांचे रुग्ण तपासता तपासता मनोविकारतज्ज्ञाला संशोधनही करता येतं का?

येतं की! लिथियम या औषधाचंच बघा. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी रुग्णालयातलं काम सांभाळून गिनीपिगवर प्रयोग केले, मग उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. आज नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय पानही हलत नाही, ते बरंच आहे. वैद्यकीय पदवी, मनोविकारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि पक्कं संख्याशास्त्र एवढं हवंच.

रोजचं काम मात्र रुक्ष. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध, यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात) चालू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट बघा, त्याला होणाऱ्या भासांबद्दल ‘आवाज कमी झाले का?’ विचारा, गोळ्या का सोडल्या ते न रागावता काढून घ्या. माझ्या मते संशोधनाचे चांगले प्रश्न इथेच सापडतात. झटपट निकाल हवे असतील तर या वाटेला जाऊ नका.