झिर्कोनिया क्राउनची ताकद कुठे जाते

डेंटल लॅबमध्ये नवीन असाल तर एक गोष्ट पक्की धरा: झिर्कोनिया (क्राउन म्हणजे दातावरची टोपी बनवायचं कणखर सिरॅमिक) याच्या डिस्कसोबत सांगितलेले ताकदीचे 1000–1200 मेगापास्कल भट्टीतून नीट निघालेल्या तुकड्याचे असतात. मिलिंगच्या (यंत्राने कापण्याच्या) वेळी डिस्क खडूसारखी मऊ असते आणि क्राउन 20–25 टक्के मोठा कापलेला असतो, कारण भट्टीत तो आकसतो. स्प्रू (क्राउनला डिस्कशी धरून ठेवणारे दांडे) काढणं, खाचा कोरणं तेव्हाच उरका. ओलं मिलिंग केलं असेल तर आधी पूर्ण वाळवा, नाहीतर भट्टीत वाफ होऊन तडा जातो. सिंटरिंग (भट्टीत भाजून घट्ट करणं) साधारण 1450–1550 अंश सेल्सिअसला होतं, पण कंपनीचा तक्ताच पाळा. तापमान कमी पडलं तर छिद्रं राहतात, फार वाढलं तर कण मोठे होतात.

खरं नुकसान नंतरच्या घासण्यात होतं. जाड डायमंड बर (हिऱ्याच्या कणांचं घासायचं टोक) कोरडा, दाबून चालवला की पृष्ठभागाखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. क्राउनची आतली बाजू विशेष जपा. चावताना ओढीचा ताण तिथेच येतो, आणि फूट बहुधा तिथूनच सुरू होते. बारीक बर, भरपूर पाणी, हलका हात, मग रबर पॉलिश.

वर पोर्सिलेनचा (दातासारख्या दिसणाऱ्या सिरॅमिकचा) थर असेल तर शेवटच्या फायरिंगनंतर (भाजणीनंतर) भट्टी घाईने उघडू नका. झिर्कोनिया उष्णता सावकाश सोडतो; घाई केली तर पोर्सिलेनमध्ये ताण अडकतो आणि पुढे टवका उडतो.