थर हलता कामा नयेत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

'माझा हातच गेला' असं तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. ते आधी खोडून टाक. तू पाठवलेल्या गोधडीच्या फोटोत टाका दिसतोय तुझा. इंचाला पाच, वर-खाली सारखा, ओळही सरळ. लहानपणी शिकलेलं हाताने नीट धरून ठेवलंय. बिघडलंय ते वेगळंच. तिसऱ्या ओळीपाशी अस्तराला बोटभर चुणी पडली आहे आणि ती शिवणीत कायमची अडकली आहे. अशी चुणी टाका चुकला म्हणून पडत नाही. थर हलले म्हणून पडते.

आता हे तुझ्या बाबतीत का झालं ते सांगते, कारण गोधडीकाम सोडून मधेच त्याकडे परत येणाऱ्या बहुतेक मुलींचं असंच होतं. घरात गोधडी घालताना मोठ्या बायका आधी अंथरायच्या. दोघी समोरासमोर बसून साडीचे पदर ताणायच्या, थरावर थर घालायच्या, कच्चे दोरे घालून सगळं जखडून टाकायच्या, आणि मग पोरींना बोलवून हातात सुई द्यायच्या. पोरी शिकल्या तो धावदोरा. अंथरणं आणि टाचणं, म्हणजे कच्च्या दोऱ्यांनी जखडणं, त्यांच्यासमोर कधी झालंच नाही, झालं तरी ते शिकायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं नाही. याची मला खरोखर खंत आहे. अर्धी विद्या आपण पुढे दिली, आणि तीही सोपी अर्धी. म्हणून आज तुला टाका येतो, आणि गोधडी येत नाही.

तू विचारलंस की ४५ मिलिमीटरचा गोल कटर, मॅट आणि चोवीस इंची पट्टी घेऊ का. चौकोन अचूक कापायला त्यांचा उपयोग होतो, परवडत असेल तर घे. पण तुझ्या चुणीवर त्यातल्या एकाही वस्तूचा इलाज नाही. लाकडी चौकटही आत्ता नको. थर हलता कामा नयेत, यासाठी लागते ती मोकळी फरशी, मास्किंग टेप, टाचण्या, पांढरा दोरा आणि दोन-अडीच तासांचा धीर. धीर तेवढा तुझ्याकडे कमी दिसतो, हे स्पष्ट सांगते.

मोठ्या गोधडीचा नाद सोड आणि बत्तीस इंची दुपटं धर. आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौकोन. प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा काप, पाव इंच शिवण धरलीस की चार इंचाचा उरतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात किनार सोडून एका पट्टीत नऊ चौकोन बसतात, तेव्हा वरच्या बाजूला चार-पाच रंग मिळून सव्वा मीटर पुरे. अस्तराला एक मीटर. कडेच्या पट्टीला दुकानदार पाव मीटर देईल, ते घेऊ नकोस. तुला अडीच इंचाच्या चार पट्ट्या लागणार, म्हणजे दहा इंच, आणि पाव मीटर दहा इंचाला थोडं कमीच भरतं. तीस सेंटीमीटर माग.

सगळं सुती. एकही तुकडा जॉर्जेटचा किंवा सिंथेटिक साडीचा नको, कितीही सुंदर असला तरी. तो सुतावर घसरतो, धुतल्यावर सुती कापड आटतं आणि तो आटत नाही, मग त्याच्याभोवती सगळं फुगतं. नवं कापड कापण्याआधी धुऊन घे. शेकड्याला तीन ते पाच आटणं सुती कापडाला नेहमीचं आहे, ते कापण्याआधीच होऊन जाऊ दे. लाल, निळा आणि काळा ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघ. डाग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धू. मीठ टाकून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नकोस.

कापताना धाग्याचा मान ठेव. कडेला छोटी चीर देऊन कापड टरकावलंस की सरळ धागा आपोआप सापडतो, तिथून मापं घे. तिरपा कापलेला चौकोन हातात धरतानाच ताणला जातो. इस्त्रीही दाबून उचल, दाबून उचल. घासलीस की कड लांबते. शिवण मात्र सगळीकडे सारखी हवी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक कापडावर अर्धं सूत जास्त धरलंस तर एका जोडाला एक सूत जातं. आठ चौकोनांत सात जोड, म्हणजे सात सूत, जवळजवळ इंचभर. एका ओळीत तेवढं गेलं आणि शेजारच्या ओळीत नाही, तर ओळी एकमेकींना कशा जुळणार? मग आपण ओढून जुळवतो, आणि ओढलेलं कापड पुढे थरावर सपाट बसत नाही. बघ, फिरून तिथेच आलो.

आता मुख्य काम. हा भाग दोनदा वाच.

फरशी पुसून कोरडी कर. अस्तर छत्तीस इंची, चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. ते उलटी बाजू वर करून पसर. आधी चार बाजूंच्या मध्यावर टेप लाव, मग कोपऱ्यांना. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलंस तर टेप काढल्यावर ते मागे येतं आणि वरच्या बाजूला सुरकुत्या काढतं. त्यावर भरण. पहिल्यांदा पॉलिएस्टरचं वॅडिंग नको, ते फुगतं आणि सरकतं. जुन्या सुती चादरीचे किंवा धोतराचे दोन थर घे, सूत सुताला धरून राहतं. (पिंजलेला कापूस म्हणशील, तर ती रजई झाली. तिचे टाके दाट लागतात, नाही तर कापूस कोपऱ्यात गोळा होतो. ते पुढे कधीतरी.) प्रत्येक थर घातला की तळव्याने मधून कडेकडे हात फिरव, जोर न लावता. सर्वांत वर तुझी चौकोनांची बाजू.

मुठीएवढ्या अंतरावर टाचण्या लाव. मग कच्चा धावदोरा. मध्यापासून चार कडांकडे अधिकचं चिन्ह होईल असा आधी घाल, मग त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंचांवर उभ्या आणि आडव्या ओळी. वरचा टाका दीड-दोन इंच लांब, खालचा छोटा. दोरा पांढराच, रंगीत कच्चा दोरा काढताना मागे तंतू सोडतो. सुई फरशीला लागली की टोक वर यायला त्रास देतं, ते चमच्याच्या कडेने उचल. शेवटचा दोरा घालून होईपर्यंत एकही टेप काढायची नाही. एकही नाही.

टेप काढल्यावर उलटं कर आणि अस्तरावर तळवा ठेवून हलकेच पुढे सरकव. कापड तळव्यापुढे लाटेसारखं उठलं तर तेवढ्या भागातले दोरे काढ आणि पुन्हा घाल. इथे पाच मिनिटं लागतात. शिवून झाल्यावर लक्षात आलं तर सबंध संध्याकाळ उसवण्यात जाते, आणि उसवलेल्या भोकांनी जुनं कापड विरतं.

टाचण्यांवर भागणार नाही का, हे विचारणारी तू पहिली नाहीस. टाचणी त्या एका बिंदूला धरते, दोन टाचण्यांमधलं कापड मोकळंच राहतं. आपण शिवताना सुईवर तीन-चार टाके घेतो आणि अंगठ्याने वरचा थर कळत-नकळत पुढे ढकलतो. दर खेपेला केसभर. तीस इंच गेलं की त्याचीच बोटभर चुणी होते. सेफ्टी पिना चालतात, पण चार-चार बोटांवर आणि सगळीकडे लावल्यास तर. माझ्यावर हट्टीपणाचा शिक्का आहे, कच्चे दोरे घालण्यावर मी फार वेळ घालवायला लावते म्हणून. असू दे शिक्का. शिवलेला थर पुन्हा सरळ करण्याचा दुसरा मार्ग कुणी दाखवला तर मी हट्ट सोडीन.

तुझा दुसरा गोंधळ खरा आहे, आणि तो विचारलास ते बरं केलंस. व्हिडिओत मधून सुरुवात करतात, तुझी आजी कडेने सुरू करून फिरत आत यायची. कोण बरोबर? दोघीही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेनेच सुरू करतात. पण त्या वरचे तुकडे शिवत-शिवतच लावत जातात, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाका घालायचा. जादा कापड आत साठायला जागाच राहत नाही. तू वरची बाजू आधी पूर्ण जोडून घेतली आहेस. ती कडेने शिवत आलीस तर सगळा ढिलेपणा मध्याकडे ढकलला जातो आणि तिथे कोंडतो. म्हणून तू मधूनच सुरू कर, कडेकडे जा. दोन्ही रीतींमागे एकच गोष्ट सांभाळलेली आहे, थर हलू न देण्याची. आजीची रीत अर्धी आणि व्हिडिओची अर्धी घेतलीस तिथे घोटाळा झाला.

शिवताना ८ किंवा ९ नंबरची हाताची सुई घे. हाताच्या सुईचा नंबर वाढला की ती बारीक होते, मशीनच्या सुईचं उलट, हे दुकानात विसरू नकोस. दोरा सुती, हातभर लांब, मेणावरून एकदा ओढलेला. त्याहून लांब घेतलास की पीळ पडतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाल, नखाने सुई रेटू नकोस. सुरुवातीची गाठ वर दिसू न देता हलक्या झटक्याने थरांच्या आत ओढून घे. टाका बारीक करण्याच्या मागे लागू नकोस, सारखा आला की झालं. ओळींत दोन-तीन बोटं अंतर. खुणांना शिंप्याचा खडू किंवा साबणाची झिजलेली वडी. पाण्याने जाणारं पेन वापरलंस तर धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नकोस, खूण पक्की बसते.

मशीनवर करायचंच असेल तर तिथे थर आणखी जोरात हलतात. खालचे दाते अस्तर पुढे नेतात आणि वरची दाबपट्टी वरचा थर अडवते. त्यासाठी वॉकिंग फूट मिळतो, तो वरचा थरही बरोबर चालवतो. तो लाव, टाका तीन मिलिमीटरच्या वर ठेव, सुई १४ किंवा १६ नंबर. पण टाचणं तिथेही चुकत नाही. उलट जास्तच लागतं.

कडेची पट्टी चारी बाजूंची बेरीज १२८ इंच, अधिक बारा इंच. कोपऱ्याला पाव इंच आधी थांब, पट्टी वर दुमड, मग खाली आण. कच्चे दोरे पट्टी लागल्यावरच काढ, आधी नाही. कडेला ओढ बसते तेव्हाही थर तिथेच राहायला हवेत.

आता तुझ्याकडच्या आजीच्या दोन नऊवारी. त्यांना या दुपट्यात घेऊ नकोस. एका नऊवारीतून, साधारण सव्वाआठ मीटरमधून, सात फुटी तीन थर निघतात, म्हणजे एका माणसाची अख्खी गोधडी होते. पण आधी त्या उजेडासमोर धरून बघ. बसण्याच्या जागी आणि काष्ट्याला कापड विरलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघ, जिथे चर्रकन फाटतं तो भाग आतल्या थरात घाल, जिथे धरतं तो वर ठेव. काठ शाबूत असेल तर कापडासकट कापू नकोस, वेगळा काढायचा आहे. कोणत्या बाजूने उसवायचा ते काठ विणून आलेला आहे की वरून जोडलेला, यावर ठरतं. जवळून फोटो काढून पाठव, मग सांगते. तोवर कातर लावू नकोस.

तुझी
मावशी